आधी अंदाज, मग स्क्रीन

टीचर, सप्रेम नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये 26 वर्षं मी आठवी ते दहावीला गणित शिकवतो. यंदा जूनमध्ये वर्गात मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटाने चालणारी स्क्रीन, बसवला आणि सुरुवात गणितापासून करा, असं हेडमास्तरांनी सांगितलं. मी रात्री जागून व्हिडिओ शोधले, स्लाइड तयार केल्या. तासाला मुलं अगदी शांत बसली. पण पहिल्या चाचणीत नववीचे गुण गेल्या वर्षीपेक्षा कमी पडले. गृहपाठ तर मुलं उदाहरणावर मोबाईलचा कॅमेरा धरून ॲपकडून सोडवून आणतात. पायऱ्या बिनचूक असतात, पण विचारलं तर एकही सांगता येत नाही. घरी बायको म्हणते, शाळाच घरात येऊन राहिली आहे. रात्री अकरालाही पालकांचे मेसेज येतात. तरुण शिक्षक हे सगळं सहज करतात. मला आपला खडू-फळाच बरा वाटतो. निवृत्तीला सहा वर्षं आहेत. हे शिकत बसावं की सोडून द्यावं?
— एक गणित शिक्षक, सत्तरी

सर, नमस्कार.

‘तासाला मुलं अगदी शांत बसली’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसलं.

फळ्यावरचा तुमचा जुना तास आठवा. समीकरण लिहिता लिहिता तुमचा खडू थांबतो. तुम्ही मागे वळून विचारता, “आता पुढे?” पहिल्या बाकावरची मुलगी बरोबर सांगते, मागचा एक मुलगा चुकीचं चिन्ह सांगतो, तिसरा त्याला दुरुस्त करतो. त्या अर्ध्या मिनिटात वर्ग गणित करत असतो. व्हिडिओ असा थांबत नाही आणि स्लाइडवर पुढची पायरी आधीच लिहिलेली असते. गुण घसरले त्याचं कारण मला पॅनल वाटत नाही. तुमचं ते थांबणं तासातून निघून गेलं, हे वाटतं. ते परत आणता येतं, आणि पॅनल न काढताही आणता येतं.

मी फोंडा तालुक्यात 34 वर्षं गणितच शिकवलं. शाळेत पहिला प्रोजेक्टर आला तेव्हा माझंही असंच झालं होतं. शंकूचं घनफळ शिकवायला मी एक सुंदर ॲनिमेशन लावलं. शंकूतलं निळं पाणी वृत्तचितीत तीन वेळा ओतलं जातं आणि शेवटी सूत्र उमटतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, “एक तृतीयांश का?” तर वर्ग गप्प. मला फार वाईट वाटलं, कारण मी खरंच मेहनत घेतली होती.

पुढच्या वर्षी तोच धडा उलटा घेतला. जाड कागदाचा एक शंकू आणि तेवढ्याच तळाची, तेवढ्याच उंचीची एक वृत्तचिती केली, घरून डबाभर उकडे तांदूळ नेले. ओतायच्या आधी प्रत्येकाला वहीत आकडा लिहायला लावला: किती शंकूंत ही चिती भरेल? निम्म्याहून जास्त वह्यांत ‘दोन’ होतं. एक मुलगी ठामपणे म्हणाली, “टीचर, अर्दें. बाजूने त्रिकोण दिसतो आणि त्रिकोण आयताच्या अर्धा असतो.” केवढा चांगला विचार होता तो! चुकलेला, पण विचारच. मग तांदूळ ओतले. दुसऱ्या शंकूनंतरही चिती पूर्ण भरली नाही तेव्हा ती मुलगी उठून टेबलाजवळ आली. मी पडदा लावला तो त्यानंतर. तिला आता पडद्यावर नेमकं काय शोधायचं ते माहीत होतं: तिचा त्रिकोण कुठे फसला.

तेव्हापासून मी एक नियम पाळत आले आणि तुम्हालाही तोच सांगते. मुलाने अंदाज वहीत पेनने लिहिल्याशिवाय स्क्रीन सुरू करायची नाही. पेनने अशासाठी, की खोडता येऊ नये. तुम्ही तरुणांइतके झटपट आहात की नाही, याला मग फारसं महत्त्व उरत नाही. कुठला प्रश्न विचारला की नववीचं मूल फसतं, हे 26 वर्षं शिकवलेल्या माणसाला जितकं ठाऊक असतं तितकं नुकत्याच रुजू झालेल्याला नसतं. बटणं महिन्याभरात येतात. तेव्हा सोडू नका, पण सगळं एकदम शिकायलाही जाऊ नका.

सुरुवात एकाच साधनाने करा. माझ्या मते ते जिओजेब्रा असावं: आकृती आणि आलेख काढून ते हलवून बघता येतात असं गणिताचं सॉफ्टवेअर. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात 2001 मध्ये त्याची सुरुवात केली. शिक्षकाला ते मोफत मिळतं, आणि एकदा लॅपटॉपवर उतरवून घेतलं की इंटरनेट नसतानाही चालतं. सत्तरीत पावसाळ्यात नेटची काय गत असते ते मी तुम्हाला सांगायला नको.

पहिला तास परिकेंद्राचा घ्या, कारण इथे फळा खरोखर अपुरा पडतो. फळ्यावर आपण एक त्रिकोण काढतो, तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक काढतो, ते एका बिंदूत मिळतात, तिथून वर्तुळ. आपला त्रिकोण बहुधा लघुकोन असतो, कारण हाताला तसंच वळण लागलेलं असतं. मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं की परिकेंद्र म्हणजे त्रिकोणाच्या पोटातला बिंदू. जिओजेब्रात तीच आकृती काढा आणि थांबा. विचारा: “हा वरचा शिरोबिंदू मी खाली खाली ओढत नेला तर परिकेंद्र कुठे जाईल?” वहीत लिहू द्या. दोन मिनिटं पूर्ण द्या. मग एका मुलाला बोलावून त्याच्याच बोटाने शिरोबिंदू ओढायला लावा. सावकाश. कोन मोठा होत जातो तसा केंद्रबिंदू खालच्या बाजूकडे सरकतो. काटकोन झाला की तो नेमका कर्णाच्या मध्यावर येऊन बसतो. इथे थांबवा आणि अर्धवर्तुळातला कोन त्यांना आठवतो का बघा. बोट आणखी सरकलं, विशालकोन झाला, की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, “सर, तो भायर गेलो!” पण का गेला, ते स्क्रीन सांगत नाही. ते फळ्यावर, खडूनेच सिद्ध करायचं. स्क्रीनचं काम आठ-दहा मिनिटांचं, बाकीचा तास तुमचा.

याच पद्धतीने दहावीला वर्गसमीकरण घ्या. स्लायडरने आलेख वर-खाली सरकवायचा. तो क्ष-अक्षाला दोनदा छेदतो, मग नुसता टेकतो, मग सुटतो. विवेचकाचं (b² − 4ac) धन, शून्य आणि ऋण होणं डोळ्यांना दिसतं. पहिल्या सहामाहीत एवढे दोन धडे पुरेत. एक-चल समीकरणं, अवयव पाडणं, भूमितीतल्या सिद्धता हे सगळं फळ्यावरच राहू द्या. हेडमास्तरांना स्पष्ट सांगा की पॅनल रोज लागणार नाही. तसं सांगायचा हक्क तुम्हाला आहे.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक गोष्ट बोलते. तुमच्या वर्गातली कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली असणार आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात आली असणार. परिमिती म्हटलं की ज्याला लगेच कुंपण दिसत होतं, त्याच्यासाठी पेरिमीटर हा एक आवाज असतो. लसावि ज्याला तोंडपाठ होता, तो एलसीएम ऐकून गोंधळतो. गणित कच्चं आहे असा शिक्का आपण मारतो आणि अडलेला असतो तो शब्द. इंग्रजी व्हिडिओने ही अडचण दुप्पट होते, कारण उच्चारही परका आणि वेगही परका. म्हणून पॅनलच्या एका कोपऱ्यात त्या दिवसाचे चार शब्द दोन्ही भाषांत लिहून ठेवत जा. महाराष्ट्रातल्या बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड दीक्षा या सरकारी ॲपवरचा मराठी मजकूर उघडतात. दीक्षा 2017 पासून आहे आणि मोफत आहे. ज्या मुलाला संकल्पनाच अडली आहे, त्याला ती घरी एकदा मराठीतून ऐकू द्या. अंदाज कोंकणीत सांगितला तरी चालेल, उत्तर इंग्रजीत लिहिता आलं म्हणजे झालं.

आता कॅमेऱ्याने सोडवलेला गृहपाठ. तो बंद करता येणार नाही, सर, आणि त्यापायी मुलांशी भांडण्यात वर्ष घालवू नका. एक ते वीस उदाहरणं वहीत करून आणा, हा गृहपाठ आता त्या ॲपचाच झाला. तुम्ही तो बदला. एक सोडवलेलं उदाहरण द्या, चौथ्या पायरीत मुद्दाम चूक करा आणि चूक कुठे आहे, ती करणाऱ्याच्या मनात काय आलं असेल, हे दोन ओळींत लिहून आणायला सांगा. चॅटबॉटने लिहिलेली एखादी सिद्धता वर्गात तपासा. ही यंत्रं भाषा इतक्या आत्मविश्वासाने वापरतात की चुकलेली पायरीही खरी वाटते, आणि ती पकडण्यात मुलांना फार आनंद होतो. उरलेला गृहपाठ घरातल्या आकड्यांचा द्या. ते उदाहरण कॅमेऱ्याला दाखवायचं तर आधी मुलाला स्वतः मांडावं लागतं.

त्यातला एक गृहपाठ मला फार मोलाचा वाटतो. कुणाच्या तरी घरी स्कूटरचं कर्ज असतंच. ‘फ्लॅट 10 टक्के’ हे शब्द मुलांनी ऐकलेले असतात. 1,00,000 रुपये, 3 वर्षं: व्याज 30,000, एकूण 1,30,000, भागिले 36, महिन्याचा हप्ता 3,611 रुपये. दहावीचं मूल हे तोंडी करेल. आता विचारा, “मग खरा दर 10 टक्केच ना?” वर्ग हो म्हणेल. अंदाज वहीत लिहिला गेला की पॅनलवर स्प्रेडशीट उघडा. छत्तीस ओळी: उरलेलं मुद्दल, त्यावरचं महिन्याचं व्याज, हप्ता, नवी शिल्लक. दराच्या खान्यात 10 घाला. छत्तीसाव्या ओळीत शिल्लक उणे सोळा हजारांवर गेलेली दिसेल, म्हणजे 10 टक्क्यांच्या हिशेबाने आपण सोळा हजार जास्त भरले. 15 घाला, अजून उणेच. 18 घातलं की दोनशेच्या आसपास शिल्लक उरते आणि 17.9 ला हिशेब जवळजवळ मिटतो. कर्ज दर महिन्याला फिटत असतं, पण फ्लॅट दरात व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावर आकारलेलं असतं, हे मूल त्या छत्तीस ओळींत स्वतः पाहतं. ते घरी जाऊन बाबांना सांगतं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईने याच हिशेबावरून कर्ज घ्यायच्या आधी दोन ठिकाणी दर विचारून घेतला होता. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत याहून मोठी पावती मला क्वचितच मिळाली.

आपल्याच मातीतला एक गणिती इथे आठवतो. दामोदर धर्मानंद कोसंबी 1907 मध्ये गोव्यात कोसबे इथे जन्मले. इतिहासकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण मूळचा पिंड गणिताचा. नाणं बाजारात जितकं फिरतं तितकं झिजतं, आणि एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांच्या वजनांतला फरकही वाढत जातो. हे धरून त्यांनी जुनी आहत (ठसे मारून पाडलेली) नाणी एकेक करून तराजूत तोलली आणि संख्याशास्त्राने त्यांचा काळाचा क्रम लावला. हातातलं साधन काय, तर नाजूक तराजू. पण प्रश्न आधी पक्का होता. दहावीला ‘माध्य’ आणि ‘विचलन’ शिकवताना ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. हा माणूस आपल्या गोव्याचा, हे ऐकून मुलं ताठ बसतात.

घरच्या तक्रारीबद्दल. तुमच्या पत्नीचं म्हणणं बरोबर आहे आणि ते तुम्ही मान्य करावं असं मला वाटतं. पालकांच्या ग्रुपवर एकदाच लिहा: संध्याकाळी 6 ते 7 या वेळेत उत्तर देईन, रविवारी नाही. पहिले पंधरा दिवस कुणीतरी नाराज होईल, मग सवय पडेल. सूचना तेवढ्या ग्रुपवर जाऊ द्या. कुणाचेही गुण, उत्तरपत्रिकेचा फोटो, रडणाऱ्या किंवा हसणाऱ्या मुलाचा व्हिडिओ तिथे टाकू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला वेगळं संरक्षण दिलं आहे. कायदा नसता तरी एखाद्याचे 12 गुण चाळीस घरांत वाचले जाऊ नयेत.

रात्री जागून स्लाइड करणं मात्र आजपासून थांबवा. त्याऐवजी त्या तरुण सहकाऱ्यांपैकी एकाला शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास मागा. त्याने तुम्हाला जिओजेब्राची हाताळणी दाखवायची, तुम्ही त्याला मुलं कुठे फसतात ते सांगायचं. त्यालाही त्याची गरज आहे. मागायला तो संकोचत असेल, एवढंच. आणि गुणांची यादी स्प्रेडशीटमध्ये एकदा नीट मांडून घ्या. सरासरी, टक्के, कुठला प्रश्न किती जणांचा चुकला, हे सगळं ती आपोआप काढते. तुमच्या रोजच्या जगण्यात या तंत्रज्ञानाने काही द्यायचं असेल तर ते एवढंच द्यावं: दर चाचणीमागे वाचलेली एक संध्याकाळ. ती घरी द्या.

वीज जाईल, हे धरून चाला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रत्येक पॅनल-तासाचा खडू-फळ्याचा आराखडा वहीत तयार असू द्या. दमटपणा फार असतो, म्हणून पॅनलला आच्छादन आणि व्होल्टेज स्टॅबिलायझर मागून घ्या. खिडकीसमोर पॅनल असेल तर मागच्या बाकांना काही दिसत नाही. एकदा स्वतः शेवटच्या बाकावर बसून बघा.

पाऊस ओसरला की दहावीला घेऊन गावातल्या देवळाच्या दीपमाळेपाशी जा. उंची आणि अंतराचा धडा पुस्तकात नेहमी मनोऱ्याचा आणि जहाजाचा असतो. आपल्याकडे दीपमाळ दारात उभी आहे. मोबाईलमध्ये गुरुत्वाची दिशा ओळखणारा सेन्सर असतो, त्यामुळे लेव्हलचं ॲप थेट कोन दाखवतं. मोबाईलच्या लांब कडेला शाई संपलेल्या पेनची नळी चिकटवा आणि तीतून टोक बघा. तुमचा एकच मोबाईल पुरे. दुसऱ्या गटाला कोनमापक, दोरा आणि ओळंबा द्या. दोन्ही गटांची उत्तरं शेजारी शेजारी लिहा.

उंचीचा अंदाज आधी वहीत. मग अंतर 12 मीटर, कोन 48 अंश, डोळ्यांची उंची 1.5 मीटर असेल तर दीपमाळ सुमारे 14.8 मीटर. एका गटाने 49 अंश वाचला तर 15.3. एका अंशाने अर्धा मीटर इकडचा तिकडे झाला. यावर मुलं भांडतील. भांडू द्या, मापनातली चूक म्हणजे काय ते तिथेच कळतं. आणि कुणीतरी नक्की विचारेल, अंतर भिंतीपर्यंत मोजायचं की मधल्या टोकाच्या खालपर्यंत? तो प्रश्न कुणी विचारेपर्यंत तुम्ही बोलू नका. विचारला की तळाचा घेर दोऱ्याने मोजायला सांगा, निम्मी रुंदी ती त्यातून काढतील.

जाताना 30 मीटरची टेप न्या, पाचाची पुरत नाही. पुजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि सकाळी नऊच्या आत पोचा, नंतर ऊन थेट डोळ्यांवर येतं.